जहाजावर चढण्याचे मोल

काही वर्षांपूर्वी पूर्व उत्तर प्रदेशातील एका जिल्ह्यात मी काम करीत होतो. सकाळच्या जनता दर्शनात बहुतेक तक्रारी जमिनीच्या, रेशनच्या आणि पोलीस ठाण्याच्या असत. एके दिवशी एक वृद्ध शेतकरी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद घेऊन उभा राहिला. तो कागद म्हणजे त्याच्या मुलाचे जहाजावरील नेमणूकपत्र होते. वर परदेशी कंपनीचे बोधचिन्ह, खाली गोल शिक्का. समुद्र त्या गावापासून शेकडो मैल दूर. गावातील कोणी तो पाहिलाही नसावा. मुलाला खलाशी म्हणून लावून देण्यासाठी बापाने जमिनीचा तुकडा विकला होता. मुलगा मुंबईत एका लॉजमध्ये चार महिने वाट पाहत बसला आणि मग दलालाचा फोन लागेनासा झाला. चौकशीअंती कळले, की त्या दलालाकडे माणसे भरती करण्याचा परवानाच नव्हता. गुन्हा नोंदविला गेला. पैसे काही परत आले नाहीत.

त्या वेळी मला ह्या क्षेत्राची अक्षरओळखही नव्हती. पुढे कलकत्त्यास काही दिवस राहण्याचा योग आला असता १९३१ सालचा शाही मजूर आयोगाचा अहवाल हाती पडला. त्यातील खलाशांच्या भरतीविषयीचा भाग वाचताना मला तो वृद्ध शेतकरी आठवला. माणसे वेगळी, बंदर वेगळे, व्यवहार तोच. तेव्हापासून ह्या विषयावर जे जे वाचले, त्याचा हा थोडका हिशेब.

इंग्रजी जहाजांवरील हिंदी खलाशांना 'लस्कर' म्हणत. मूळ शब्द आपला ओळखीचाच, लश्कर. वाफेची जहाजे आल्यावर त्यांची संख्या फार वाढली. डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणी, कसाब आणि खलाशी. इंजिनखान्यात तेलवाले, आगवाले आणि कोळसेवाले. शिवाय भंडारी, बटलर आणि टोपाज. कामाप्रमाणे मुलूखही ठरलेले असत. मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या टपाल बोटींवर डेकवरची माणसे पुष्कळदा रत्नागिरीकडची, इंजिनातली पंजाबी व पठाण, आणि सलूनमधली गोव्याची. कलकत्त्याच्या बोटींवर सिल्हेट, नोआखाली, चितगाव. आमच्या कोकणात तांडेल हे आडनाव म्हणून आजही नांदते, ते असे समुद्रावरून आलेले आहे.

जहाजाचा कप्तान ह्या माणसांना ओळखत नसे, त्यांची भाषाही त्याला जुजबीच येई. तो सारंगाला सांगे, सारंग माणसे आणी. सारंग आपल्या गावची, नात्यातली माणसे घेऊन येई, त्यांना कामाला लावी, त्यांच्यातली भांडणे मिटवी आणि पगारही पुष्कळदा त्याच्याच हातून वाटला जाई. म्हणजे मुकादम, सावकार आणि गावचा पाटील, तिन्ही एकच. कंपनीला हे सोयीचे होते. एका माणसाशी बोलले की चाळीस माणसांची व्यवस्था होई. परंतु कलकत्त्यास सारंगाच्याही वर आणखी एक पायरी होती. कंपनीचा परवानाधारक दलाल, दलालाचा हस्तक असलेला घाट सारंग, त्याच्या कृपेने नेमला जाणारा जहाजाचा सारंग, आणि सर्वांत खाली खलाशी. घाट सारंग पाण्यावर जात नसे, घाटावरच असे. सारंगाला जहाज मिळवायचे तर त्याचे हात ओले करावे लागत. सारंग ती रक्कम खलाशांकडून वसूल करी. खलाशी ती काढी बंदरातल्या घरमालकाकडून, जो त्याला दोन सफरींच्या दरम्यान उधारीवर झोपायला जागा आणि दोन वेळचे जेवण देत असे. जहाजावर चढतानाच माणूस पुढच्या कित्येक महिन्यांचा पगार देऊन बसलेला असे. खलाशाच्या सेवेचा दाखला, ज्याला बंगालच्या बाजूस 'नली' म्हणत, तोही अनेकदा ह्या घरमालकाकडे गहाण पडे. आणि ज्या पगारातून हे सारे जायचे, तो गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका. झोपण्याच्या जागेतही फरक होताच. १९०६ च्या इंग्रजी कायद्याने गोऱ्या खलाशाला माणशी १२० घनफूट जागा दिली. हिंदी कायद्यानुसार लस्कराला ३६ घनफूट पुरेशी मानली गेली.

१९२० साली जिनोआ येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची सागरी परिषद भरली. तिने संमत केलेल्या नवव्या कराराचा आशय सरळ होता: खलाशाला काम मिळवून देणे हा नफ्याचा धंदा असता कामा नये, त्याबद्दल त्याच्याकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणतेही शुल्क घेतले जाऊ नये, आणि प्रत्येक देशाने मोफत कामदिलाऊ कचेऱ्या चालवाव्यात. हिंदुस्थान सरकारने १९२२ मध्ये ए. जी. क्लो ह्या आय.सी.एस. अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने सरकारी कामदिलाऊ कचेरीची शिफारस केली. ती अमलात आली नाही. त्याऐवजी दलालांना परवाने देण्याची पद्धत अधिक कडक करण्यात आली. प्रशासनात वावरलेल्या माणसाला ह्या वळणाचे नवल वाटणार नाही. रोगाचे निदान मान्य करायचे, औषध मात्र रोग्याला सोसेल तेवढेच द्यायचे, आणि इथे रोगी म्हणजे खलाशी नव्हे, जहाज कंपनी. १९३१ च्या शाही आयोगाला म्हणूनच तेच प्रश्न पुन्हा विचारावे लागले.

खलाशांसाठी काही संस्था अर्थातच होत्या, परंतु त्या कुणासाठी उभ्या राहिल्या हे पाहण्याजोगे आहे. मुंबईत वेलिंग्टन फाउंटनसमोर आज महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय असलेली भव्य दगडी इमारत 'रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम' म्हणून बांधली गेली. एडिंबराचा ड्यूक आल्फ्रेड १८७० मध्ये मुंबईस आला, त्याच्या भेटीच्या स्मरणार्थ बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दोन लाख रुपये दिले आणि एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने आराखडा केला. हे घर युरोपियन खलाशांसाठी होते. मराठी संस्थानिकाच्या खजिन्यातून गोऱ्या खलाशांची सोय झाली, आणि रत्नागिरीचा खलाशी मात्र गावकीच्या खोलीत पथारी पसरीत राहिला. पुढे १९२८ पासून त्या इमारतीत कायदेमंडळ भरू लागले, हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. त्याआधीचा सहसा नसतो. हिंदी खलाशांसाठीचे 'इंडियन सेलर्स होम' मशीद बंदराजवळ झाले ते पहिल्या महायुद्धानंतर, त्या युद्धात मेलेल्यांचे स्मारक म्हणून. तेथे दोन्ही महायुद्धांतील मृतांची नावे आहेत. दुसऱ्या महायुद्धातली हिंदी व्यापारी नौकांवरील नावेच सहा हजारांच्या घरात जातात. कलकत्त्यास हेस्टिंग्जच्या बाजूला, नेपियर रोडवर, लस्करांचे स्मारक १९२४ मध्ये उभारले गेले, बंगाल व आसामच्या ८९६ खलाशांसाठी. मी गेलो तेव्हा तिथे दोन मुले पतंग उडवीत होती आणि रखवालदाराने मला वाट चुकलेला पाहुणा समजून व्हिक्टोरिया मेमोरियलचा रस्ता सांगितला.

सरकारने किंवा कंपनीने जे केले नाही, ते गोवेकरांनी स्वतः केले. धोबीतलाव, माझगाव, डोंगरी येथे गावोगावचे 'कूड' निघाले. एका गावच्या माणसांनी भाड्याने घेतलेली एक मोठी खोली, भिंतीशी ओळीने ट्रंका, एका टोकाला वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायची प्रार्थना, मासिक वर्गणी आणि मोडल्यास दंड आकारणारे नियम. जहाज नसेल तेव्हा तिथे राहायचे, जहाज मिळाले की ट्रंक सोडून निघायचे. कुठल्या कंपनीची बोट कधी लागणार आणि कोणता बटलर माणसे शोधतो आहे, ह्या बातम्या तिथेच मिळत. सावकारी घरमालकाच्या तावडीतून माणूस वाचविण्याचे काम ह्या कुडांनी जेवढे केले, तेवढे कुठल्याही परवानापद्धतीने केले नाही, असे माझे मत आहे. अर्थात त्यांचे दार फक्त आपल्या गावच्या माणसाला उघडे असे, ही त्यांची मर्यादा.

अधिकारीवर्गाची कथा निराळी. हिंदी माणूस सारंगापर्यंत चढू शकत होता, ब्रिजवर नाही. १९२२ मध्ये सर पी. एस. शिवस्वामी अय्यर ह्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ह्याविषयीचा ठराव मांडला. त्यातून कॅप्टन हेडलम ह्यांच्या अध्यक्षतेखालील समिती आणि तिच्या शिफारशीवरून १९२७ मध्ये मुंबई बंदरात माझगावसमोर नांगरलेली 'डफरिन' ही प्रशिक्षण नौका आली. डफरिन हे मुळात सैनिकांची ने-आण करणारे जुने जहाज. पहिल्याच तुकडीत रामदास कटारी होते. १९५८ मध्ये ते भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. परंतु शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांना उमेदवारीसाठी घेणार कोण, हा प्रश्न होताच. इंग्रज कंपन्या नाखूश होत्या. वालचंद हिराचंद व नरोत्तम मोरारजी ह्यांच्या सिंदिया कंपनीने, जिचे 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले, ह्या मुलांना जहाजे दिली. शाळा काढणे सोपे असते, शाळेनंतरची पहिली जागा मिळवून देणे कठीण. ही गोष्ट पुढे पुन्हा आपल्या वाट्यास आली. डफरिन १९७२ मध्ये निवृत्त झाली, तिची जागा 'राजेंद्र'ने घेतली आणि १९९३ मध्ये नवी मुंबईत 'चाणक्य' ही किनाऱ्यावरची संस्था आली. साध्या खलाशांच्या शिक्षणासाठी 'भद्रा', 'मेखला' व 'नौलक्षी' ह्या नौका होत्या. त्यांची नावे कुणी घेत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये नौवहन महासंचालनालय मुंबईत स्थापन झाले, आणि १९५० च्या दशकाच्या मध्यास मुंबई व कलकत्ता येथे खलाशी सेवायोजन कार्यालये उघडली. क्लो समितीची शिफारस तीस वर्षांनी अमलात आली, असे म्हणता येईल. पद्धत रांगेची होती. जहाजावरून उतरलेल्या खलाशाने नाव नोंदवायचे, क्रमांक आला की बोलावणे येई. काही मोठ्या कंपन्यांच्या स्वतंत्र याद्या असत, बाकीच्यांची सर्वसाधारण यादी. घाट सारंगाच्या हातातून किल्ली काढून ती सरकारी नोंदवहीत ठेवली गेली. १९६६ मध्ये खलाशांच्या भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला. आयुष्यभर कराराकरारावर जगणाऱ्या माणसाला म्हातारपणाची थोडी तरी तरतूद मिळाली. मला हे सारे कौतुकास्पद वाटते. पण रांगेचेही एक दुखणे असते: जागा कमी झाल्या की रांग लांबते, आणि लांब रांगेच्या कडेला मध्यस्थ पुन्हा उभा राहतो.

जग मात्र उलट दिशेने निघाले. परदेशी झेंड्याखालच्या जहाजांवर एजंटांमार्फत भरती वाढली. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२० ची बंदी बाजूस ठेवून खासगी भरती संस्थांना परवाना व देखरेखीच्या अटीवर मान्यता देणारा करार केला. भारतात २००५ मध्ये त्या धर्तीवर नियम आले: परवाना, बँक हमी आणि खलाशाकडून नेमणुकीचे शुल्क घेण्यास मनाई. सागरी श्रम करार २००६ भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यातही शुल्काची मनाई कायम आहे, वैद्यकीय दाखला, पारपत्र व नाविक पुस्तिका एवढ्यांचा खर्च सोडून. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याच्या जागी नवा कायदा संसदेने २०२५ मध्ये संमत केला.

शिक्षण संस्था १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून खासगी क्षेत्राला खुल्या झाल्या आणि त्यांची संख्या शंभरावर गेली. आज भारतीय नाविक सुमारे तीन लाख, जगातल्या नाविकांच्या सुमारे बारा टक्के मानले जातात. ते आता केवळ रत्नागिरी, गोवा व बंगालचे नाहीत. बिहार, उत्तर प्रदेश, हिमाचल, जिथे समुद्र नाही तिथूनही येतात. परंतु प्रशिक्षण पूर्ण करूनही जहाजावर उमेदवारीची जागा न मिळालेली मुले पुष्कळ आहेत, आणि नेमका त्याच जागी आजचा घाट सारंग बसलेला आहे. त्याच्याकडे आता घाट नाही, मोबाईल फोन आहे. एका बाजूला तो आहे, दुसऱ्या बाजूला जहाज मिळाल्यावरचे दैव: आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये ३१२ जहाजे मालकांनी वाऱ्यावर सोडली. त्यांवरील ३,१३३ नाविकांत सर्वाधिक, ८९९, भारतीय होते. अशा वेळी चार महिन्यांच्या थकीत पगाराची विमाहमी २०१७ पासून बंधनकारक आहे, पण ती मागायची कशी, हे जमीन विकून समुद्रावर गेलेल्या मुलाला कोण सांगणार?

परवानाधारक संस्थांची यादी महासंचालनालय प्रसिद्ध करते. ती पाहण्यासाठी मुंबईस जावे लागत नाही. मी त्या जिल्ह्यातून बदलून जाण्यापूर्वी ती यादी हिंदीत छापून घेतली आणि तहसील कचेऱ्यांत व शाळांत लावण्याचा आदेश काढला. वर ठळक अक्षरांत एकच ओळ होती: जहाजावर नोकरी लावण्यासाठी पैसे मागणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांनी त्या वाटेने जाण्याचा प्रसंग आला तेव्हा एका तहसिलीत मी मुद्दाम डोकावलो. कागद जागेवर होता, अर्धा एका शिकवणी वर्गाच्या जाहिरातीखाली गेलेला. मी जाहिरात काढली. कारकुनाने खळ आणून सुटलेला कोपरा पुन्हा चिकटवला.