वचनाची पारख

चोपड्याच्या पश्चिमेस तापीकाठीं थाळनेर आहे, तर पूर्वेस त्याच नदीवर बऱ्हाणपूर. खानदेशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी थाळनेर, नंतरची बऱ्हाणपूर. आज मध्य प्रदेशांत मोडणाऱ्या या बऱ्हाणपुरांत पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत शेख अली मुत्तकी जन्मास आले. पुढें ते मक्केस स्थायिक झाले व १५६७ मध्यें तेथेंच वारले. पैगंबरांच्या उक्तींचे व आचरणाचे जे वृत्तांत त्यांस हदीस म्हणतात. असे सेहेचाळीस हजारांहून अधिक वृत्तांत त्यांनीं ‘कन्झुल उम्माल’ या ग्रंथांत विषयवार लाविले.

परंतु यांतील खरें कोणतें, हें ठरवावें कसें? पैगंबर ६३२ मध्यें निवर्तले. प्रमाणभूत संग्रहकार इमाम बुखारी यांचा मृत्यु ८७० मधला. मधल्या काळांत पक्षाभिमान्यांनीं, कथेकऱ्यांनीं, इतकेंच नव्हे तर लोकांस सन्मार्गास लावूं पाहणाऱ्या भाविकांनींहि वचनें रचलीं. खोटें वचन मान्य झालें तर धर्माज्ञाच बदलावयाची!

म्हणून पंडितांनीं प्रत्येक हदीसाचे दोन भाग मानिले: ‘मत्न’ म्हणजे मूळ मजकूर आणि ‘इस्नाद’ म्हणजे तो सांगत आलेल्यांची परंपरा. परंपरेंत कोठें खंड आहे काय? प्रत्येक निवेदक सचोटीचा होता काय? त्याची स्मरणशक्ति भरंवशाची होती काय? अधिक विश्वासू साक्षीशीं त्याचें कथन विसंगत तर नाहीं? वरून न दिसणारा एखादा दोष तर नाहीं? यासाठीं हजारों निवेदकांचे चरित्रकोश तयार झाले. कसोटीस पूर्ण उतरलें तें ‘सहीह’, किंचित् उणें तें ‘हसन’, दुबळें तें ‘जईफ’ व बनावट तें ‘मौजू’. केवळ भाविकपणा येथें पुरेसा नसे. साधुपुरुषहि विसराळू असल्यास त्याची साक्ष हलकी ठरे.

अली मुत्तकींच्या संग्रहांत दुबळीं वचनेंहि आहेत. पण तीं कोणत्या ग्रंथांतून घेतलीं याची खूण सोबत असल्यानें अभ्यासकास मुळापर्यंत जातां येतें. त्यांचे शिष्य, गुजरातेंतील पाटणचे मुहम्मद ताहिर (मृत्यु १५७८), यांनीं तर बनावट वचनांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

१९२६ मध्यें धुळ्यास निवर्तलेले इतिहासाचार्य राजवाडे बखरीपेक्षां अस्सल पत्रास अधिक मान देत. त्यांच्या हातीं कागद तरी होता. हदीसकारांपुढें बहुधा माणसाचा शब्दच असे. म्हणून त्यांनीं शब्दाआधीं माणूस पारखला.