हळदीची क्रीम: औषध की सौंदर्यप्रसाधन?

पेण, रोहा भागातली दमट हवा नायट्याला पोषक. दवाखान्यात येण्याआधी बहुतेकांनी घरातले काहीतरी लावलेले असते. त्यात हळदीची क्रीमही असते. "आयुर्वेदिकच आहे, अपाय काय होणार?" असे रुग्ण विचारतात. ही क्रीम औषध आहे की नाही, यावर आपल्याकडे अनेक वर्षे खटला चालला होता.

केशव विष्णू पेंढरकर नागपूरहून मुंबईत आले आणि १९५२ साली त्यांनी परळला घरच्या घरी दंतमंजन बनवायला सुरुवात केली. वडिलांच्या नावावरून कंपनीचे नाव पडले विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी, म्हणजेच 'विको'. पुढे औषधनिर्माणशास्त्र शिकलेले त्यांचे चिरंजीव गजानन पेंढरकर धंद्यात आले. १९७५ च्या सुमारास हळद आणि चंदनाचे तेल असलेली क्रीम बाजारात आली. हळद-चंदनाचे उटणे आपल्याला नवे नव्हते. आता ते ट्यूबमध्ये मिळू लागले.

मग वाद उभा राहिला. उत्पादन शुल्क खात्याचे म्हणणे होते, हे सौंदर्यप्रसाधन आहे, जास्त कर भरा. कंपनी म्हणाली, आमचा परवाना आयुर्वेदिक औषधाचा आहे. अशा खटल्यांत मुख्यतः दोन गोष्टी पाहतात: घटक आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहेत का, आणि सामान्य माणूस ती वस्तू औषध म्हणून घेतो का. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

पण हा निकाल करापुरता होता, हे लक्षात घ्या. कोणता त्वचारोग कशाने बरा होतो, हे न्यायालय ठरवत नाही. 'आयुर्वेदिक औषध' हे शब्द परवान्याचा प्रकार सांगतात. तुमच्या चट्ट्याचे निदान करत नाहीत.

म्हणून एवढे सांभाळा:

१. कडेने पसरत जाणारा, खाजणारा गोल चट्टा बहुधा नायटा असतो. त्याला बुरशीविरोधी औषधच लागते, तेही डॉक्टर सांगतील तितके दिवस.

२. हळद, चंदन यांचीही काहींना ॲलर्जी येते. नवी क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन-तीन दिवस पाहा. आग, पुरळ किंवा खाज आल्यास थांबवा.

३. दुकानदाराने दिलेली स्टिरॉइडमिश्रित क्रीम नायट्यावर लावू नका. खाज थांबते, पण बुरशी आतून पसरत राहते.

निरोगी त्वचेवर हळदीची क्रीम आवडत असेल तर खुशाल लावा. आजार असेल, तर आधी तपासून घ्या.