डेन्मार्कच्या लोकशाळा : गरिबाच्या मुलाचा खर्च कोणी उचलला?



दरवर्षी निकाल लागले की शिष्यवृत्तीचे अर्ज घेऊन पालक शाळेत येतात. अर्जातील पहिलाच रकाना असतो, शेकडा गुण किती? गेल्या वर्षी असेच एक वडील माझ्यापुढे बसले होते. मुलगा दहावीला त्रेचाळीस टक्क्यांनी पास झालेला. पहाटे वडिलांबरोबर भाजीची गाडी लावून मग शाळेला येणारा. वडील म्हणाले, "सर, हुशार पोरांना सगळेच देतात. माझं पोर हुशार नाही, पण त्याला शिकायचंय. त्याला कोण देणार?"

मी त्यावेळी निरुत्तर झालो. पुढे वाचन करताना असे दिसले की हाच प्रश्न सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपातील डेन्मार्क या चिमुकल्या देशापुढे उभा होता, आणि त्या देशाने त्याचे उत्तर शोधले होते. तोच इतिहास आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

डेन्मार्कमध्ये १८१४ च्या कायद्याने खेड्यापाड्यांतील मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. परंतु त्यापुढील शिक्षण म्हणजे शहरातील लॅटिन शाळा. तेथे घोकंपट्टी, शिक्षा आणि परीक्षा यांचे राज्य. शेतकऱ्याच्या मुलाला तेथे ना प्रवेश परवडे, ना तेथील भाषा आपली वाटे. एन. एफ. एस. ग्रुंटविग (१७८३-१८७२) या धर्मोपदेशक, कवी आणि विचारवंताने या शिक्षणावर कडाडून टीका केली. १८२९ ते १८३१ या काळात त्यांनी इंग्लंडच्या वाऱ्या केल्या. केंब्रिज येथे शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र राहतात, एकत्र जेवतात, हे त्यांनी पाहिले. आपल्या शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठीही अशीच शाळा हवी, असे त्यांच्या मनाने घेतले. शिकवणे मातृभाषेतून, ग्रंथापेक्षा जिवंत शब्दाला मान, इतिहास आणि गाणी हा पाया, आणि परीक्षा मुळीच नाही!

ही ती 'फोल्क हायस्कूल', म्हणजे लोकशाळा. नावातील 'हायस्कूल' या शब्दाने आपण फसू नये. ही आठवी ते दहावीची शाळा नव्हे. साधारण अठरा वर्षांवरील तरुणांनी काही महिने एकत्र राहून शिकण्याचे ते ठिकाण आहे.

राजा आठव्या क्रिश्चनने सोरो येथे अशी मोठी सरकारी शाळा काढण्याचे ठरवले होते. पण १८४८ च्या आरंभी तो वारला आणि ती योजना बारगळली. सरकारी वाड्यात जे घडले नाही ते लोकवर्गणीतून घडले. ७ नोव्हेंबर १८४४ रोजी रॉडिंग येथे पहिली लोकशाळा सुरू झालेली होतीच. परंतु गरिबाच्या मुलासाठी ती खऱ्या अर्थाने कोणी उघडली असेल तर ती क्रिस्टन कोल्ड यांनी.

कोल्ड (१८१६-१८७०) हे चांभाराचे चिरंजीव. शिक्षक म्हणून त्यांची पद्धत वेगळी, म्हणून मायदेशी नोकरीत जम बसेना. १८४२ साली ते एका मिशनरी कुटुंबाबरोबर तुर्कस्तानातील स्मर्ना, म्हणजे आजच्या इझमीर शहरी गेले. तेथे पुस्तकबांधणीचे काम शिकून त्यांनी चार पैसे गाठीस बांधले. १८४७ मध्ये परत येताना ते जहाजाने इटलीच्या किनाऱ्यावरील त्रिएस्त बंदरापर्यंत आले, आणि तेथून आपले सामान हातगाडीवर घालून ती ओढीत पायी डेन्मार्कला पोहोचले. वाटेत आल्प्सचे डोंगर आहेत, हे विद्यार्थ्यांनी नकाशात अवश्य पाहावे.

१८५१ मध्ये स्वतःची शिल्लक आणि ग्रुंटविग यांच्या प्रयत्नाने जमलेली वर्गणी यांच्या बळावर त्यांनी फ्यून बेटावर रीसलिंगे या गावी शाळा उघडली. पहिल्या हिवाळ्यात जेमतेम पंधरा विद्यार्थी. गुरुजी त्यांच्याबरोबरच साधे अन्न जेवत आणि रात्री त्यांच्याबरोबरच माळ्यावर झोपत. राहणी अशी साधी ठेवल्यामुळे फी कमी ठेवता आली. वाचकहो, माझ्या मते लोकशाळेतील पहिली शिष्यवृत्ती ही होय! ती कोणा श्रीमंताने दिली नाही, शिक्षकाने स्वतःच्या गरजा कमी करून दिली.

दुसरी सवलत वेळापत्रकात होती. मुलांचा वर्ग नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे शेतीचे काम थंडावलेले असताना भरे. पुढे मुलींसाठी उन्हाळ्यात तीन महिन्यांचे वर्ग सुरू झाले. गरिबाच्या घरी शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ फी नसते, बुडालेली मजुरीही असते. ही गोष्ट त्या लोकांनी ओळखली होती. शेतावर राबणारा गडी वर्षभर पैसे साठवी आणि एक हिवाळा शाळेत काढी.

तिसरी पायरी सरकारची. १८६४ च्या युद्धात प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्याकडून डेन्मार्कचा दारुण पराभव झाला. देशाचा मोठा प्रदेश गेला, रॉडिंगही गेले. हताश होऊन बसण्याऐवजी लोकांनी गावोगाव लोकशाळा काढल्या. रॉडिंगची परंपरा १८६५ मध्ये सरहद्दीच्या अलीकडे आस्को येथे पुढे चालू झाली. या शाळांना सरकार थोडेफार अनुदान देत होतेच. १८९२ च्या कायद्याने शाळांना अनुदान आणि गरजू विद्यार्थ्यांना मदत, अशा दोन्ही गोष्टींना पक्का आधार मिळाला.

येथे दोन मुद्दे ध्यानात घ्यावेत. पहिला असा की परीक्षाच नसल्यामुळे मदतीचा निकष गुण असूच शकत नव्हता. निकष होता गरज. दुसरा असा की पैसा सरकारचा असला तरी काय शिकवावे हे शाळाच ठरवीत असे.

आपण विचाराल, प्रमाणपत्र नाही, नोकरीची हमी नाही, मग या पैशाचे चीज काय झाले? त्याच सुमारास परदेशातील स्वस्त धान्यामुळे डेन्मार्कचा धान्यव्यापार अडचणीत आला. शेतकरी दूध-लोण्याकडे वळले. १८८२ मध्ये हेडिंग येथे पहिली सहकारी दूध डेअरी निघाली आणि दहा वर्षांच्या आत अशा शेकडो डेअऱ्या उभ्या राहिल्या. ज्याच्या गायी जास्त त्याची मते जास्त, असा प्रकार तेथे नव्हता. माणशी एक मत. सगळे श्रेय लोकशाळांना देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु सभेत उभे राहून बोलणारे, हिशेब समजणारे आणि शेजाऱ्यावर विश्वास टाकणारे अनेक कार्यकर्ते या शाळांतून आले, हे सर्वमान्य आहे.

हा विचार आपल्या देशातही पोहोचला. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) ग्रामीण शिक्षणाचा विचार करताना डेन्मार्कच्या लोकशाळांची आवर्जून दखल घेतली. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात याच धर्तीवर 'जनता कॉलेजे' निघाली. इकडे पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ मध्ये, पीटर मॅनिके यांनी हेलसिंगोर येथे इंटरनॅशनल पीपल्स कॉलेज काढले. काल रणांगणावर शत्रू असलेल्या देशांतील तरुणांनी एका छताखाली राहावे, हा त्यामागील हेतू. तेथे आजही इंग्रजीतून शिक्षण चालते आणि अनेक देशांतील तरुण येतात.

एखाद्या विद्यार्थ्याला आज तेथे जावेसे वाटले तर त्याने वस्तुस्थिती जाणून घ्यावी. डेन्मार्कमध्ये आज सत्तरच्या आसपास लोकशाळा आहेत. सरकार शाळेला अनुदान देते. विद्यार्थी आठवड्याच्या हिशेबाने शुल्क भरतो आणि त्यात शिकवणे, राहणे, जेवण येते. तेथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सरकारकडून मिळणारा मासिक भत्ता लोकशाळेसाठी मिळत नाही. काही शाळा गरजूंना सवलत देतात, पण ती बहुधा खर्चाच्या काही भागापुरती असते. म्हणून शाळेला आधी पत्र लिहून सवलत किती हे विचारावे, विमानभाडे व व्हिसाचा खर्च वेगळा धरावा, आणि शेवटी पदवी मिळणार नाही हे घरी स्पष्ट सांगावे. कर्ज काढून पाठवण्याचा मोह पालकांनी टाळावा.

परंतु माझा आग्रह डेन्मार्कला जाण्याचा नाही. तेथील शिष्यवृत्तीमागची दृष्टी येथे आणता येईल, एवढेच मला सांगावयाचे आहे. आपल्या संस्थेने गुणवंतांचा सत्कार जरूर करावा. पण निधीतील एक वाटा असा ठेवावा की ज्याच्या अर्जात गुणांचा रकानाच नसेल. वर्गाच्या वेळा कामावर जाणाऱ्या मुलांना सोयीच्या असाव्यात. आणि आम्ही शिक्षकांनी आठवड्यातील दोन संध्याकाळी द्याव्यात, त्याला पैसा लागत नाही.

कोल्ड यांची एक गोष्ट सांगतात. एक तरुण त्यांना म्हणाला, "तुमचे बोलणे ऐकताना फार आवडते, पण नंतर आठवत नाही." कोल्ड म्हणाले, "शेतात पाण्याचे नळ पुरले तर जागेवर खूण करावी लागते, नाहीतर ते सापडत नाहीत. पण धान्य पेरले तर खूण कशाला? ते आपोआप उगवून वर येते."

त्या भाजीवाल्या वडिलांना मी आता उत्तर देऊ शकतो. तुमच्या मुलाला कोण देणार? आपण सर्वांनी मिळून द्यायचे आहे. पेरणी आपली, उगवणे अल्लाहच्या हाती.