आकाशातली एस. टी.



बीडच्या माणसाला हेलिकॉप्टर अपरिचित नाही. निवडणुका आल्या, की गावाबाहेरच्या मैदानावर चुन्याचे वर्तुळ उमटते, धुळीचा लोट उठतो आणि पोरेसोरे धावत सुटतात. यंत्र उतरते ते मात्र एकासाठी; बाकीच्यांनी नुसते पाहावयाचे. ह्याच यंत्रातील आसने वाटून घेऊन सामान्य उतारूने प्रवास करावा, हा विचार मात्र बराच जुना आहे. त्याचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

वाहन वाटून घेणे आपल्याला नवे नाही. निजामी राजवटीत १९३२ साली २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू झाली. पलीकडे १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर पहिली एस. टी. धावली. एका गाडीचा खर्च अनेकांत विभागला गेला आणि उतारू थोडे असोत वा फार, गाडी ठरल्या वेळी सुटू लागली. तेव्हा कोठे मोटार लोकांची झाली. हीच युक्ती आकाशात चालेल काय?

अमेरिकेने ती करून पाहिली. सिकॉर्स्कीचे यंत्र १९३९ साली उडाले. १९४७ मध्ये लॉस एंजलिसला हेलिकॉप्टरने टपाल जाऊ लागले, तर १९५३ पासून न्यूयॉर्कला उतारूंच्या नियमित फेऱ्या सुरू झाल्या. ह्या कंपन्या सरकारी साहाय्यावर उभ्या होत्या. १९६५ साली ते साहाय्य थांबले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या पॅन ॲम इमारतीच्या गच्चीवरून विमानतळाकडे फेऱ्या सुरू झाल्या, पण १९६८ साली त्या बंद पडल्या. १९७७ मध्ये पुन्हा आरंभ झाला. १६ मे रोजी गच्चीवर उभे असलेले यंत्र चाकाचा आधार मोडून कलंडले आणि पाच जीव गेले. दोन वर्षांनी कंपनीही संपली.

असे का व्हावे? विमान पुढे धावते, तेव्हा त्याचे पंख त्याला तोलून धरतात. हेलिकॉप्टरला मात्र आपले सारे वजन फिरत्या पात्यांवर उचलून धरावे लागते. इंधन अधिक, झिजणारे भाग पुष्कळ, तपासणी वारंवार आणि बसणारे मूठभर. मग भाडे उतरावे कसे?

आपल्या महाराष्ट्रात ह्याचे उत्तर समुद्राने दिले. १९७४ साली किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हाय येथे तेल सापडले. १९८५ साली पवनहंस कंपनी स्थापन झाली आणि जुहूहून तेलविहिरींवरील माणसांची ने-आण करू लागली. येथे आसने खऱ्या अर्थाने वाटली गेली. कारण गरज नित्याची होती आणि खर्च तेलाच्या उत्पन्नातून निघत होता. २०१९ च्या अखेरीस ब्लेड कंपनीने मुंबई, पुणे व शिर्डी ह्यांच्यामध्ये आसनागणिक भाड्याची सेवा काढली. वेळ वाचला खरा, परंतु भाडे थोड्यांनाच परवडणारे होते. त्यात काही महिन्यांतच महासाथ आली. विजेवर उडणाऱ्या टॅक्सीची स्वप्ने दाखविणाऱ्या लिलियम आणि व्होलोकॉप्टर ह्या दोन जर्मन कंपन्यांवरही २०२४ साली दिवाळखोरीची पाळी आली.

आता आपल्याकडे वळू. बीड शहरात आगगाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी! आपला ऊसतोड कामगार आजही दसऱ्यानंतर ट्रक-ट्रॅक्टरवर बिऱ्हाड लादून निघतो. अशा जिल्ह्याने आकाशमार्गाचा विचारच करू नये काय? जरूर करावा, परंतु यंत्र किती वेगाने जाते, एवढेच विचारून भागणार नाही. त्यात कोण बसणार आणि त्याचा खर्च कोण सोसणार, हेही विचारावे. नित्याची गरज आणि खर्चाचा कायमचा आधार, ही दोन चाके नसतील तर ही आकाशातली गाडी चालत नाही, एवढे तरी ह्या सत्तर-पाऊणशे वर्षांनी शिकविले आहे.

आणि अशी गरज आपल्याकडे आहेच. दूरच्या तांड्यावर अडलेली बाळंतीण, फडात अपघात झालेला मजूर, ह्यांना वेळेचे मोल शहरी व्यापाऱ्याहून कमी नाही. चुन्याचे वर्तुळ ज्या दिवशी त्यांच्यासाठी आखले जाईल, त्या दिवशी ही आकाशातली एस. टी. आपली झाली असे म्हणता येईल.