मांजा नसलेला पतंग

तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या दिवशी माझे भावोजी स्कूटरवरून घरी येत होते. रस्त्यात आडवा लोंबणारा नायलॉनचा मांजा त्यांना दिसला नाही. गळ्याला सात टाके पडले. थोडक्यात निभावलं, एवढंच. राष्ट्रीय हरित लवादाने या मांजावर २०१७ सालीच देशभर बंदी घातली, पण कागदावरची बंदी गल्लीतल्या दुकानापर्यंत पोचलेली नाही. त्या दिवसापासून ताईच्या घरात पतंग हा शब्दही निघेनासा झाला.

यंदा मे महिन्यात ताई आणि भाची आक्षीला आमच्या घरी आल्या. माळ्यावर काहीतरी शोधताना भाचीला आमच्या आजोबांची जुनी फिरकी सापडली. आजोबा पतंगाला वावडी म्हणायचे. तो जुना मराठी शब्द आता कोणाच्या तोंडी ऐकू येत नाही. भाचीने फिरकी आईपासून लपवून मला दाखवली आणि हळूच विचारलं, "मामा, मांजा नसलेला पतंग नसतो का?"

खरं सांगतो, मला उत्तर माहीत नव्हतं. मग काय, नेहमीप्रमाणे वाचत बसलो. उत्तर मिळालं ते असं, की पतंगाला एकाऐवजी दोन दोरे बांधले तर मांजाची गरजच उरत नाही!

आपल्या पतंगाचं तंत्र मोठं हुशार आहे. दोरा खेचला की कमान वाकते आणि पतंग नाकासमोर सरळ धावतो. ढील दिली की तो सपाट होतो, बिथरतो आणि गरगरू लागतो. नाक हव्या त्या दिशेला आलं की पुन्हा खेचायचं. एका दोऱ्यावर दिशा बदलायची ही करामत आहे. पण खेळ शेवटी काटाकाटीचा. म्हणून दोऱ्याला काच लावायची, आणि कापलेला पतंग आपला मांजा घेऊन कुठेतरी पडायचा. झाडावर, तारांवर, नाहीतर रस्त्यावर.

एकापेक्षा जास्त दोऱ्यांनी पतंग वळवायची कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडात ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक नावाच्या शाळामास्तरांनी १८२६ साली पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं. पतंगाला चार दोरे होते. टोल घोड्यांवर असायचा आणि या गाडीला घोडाच नव्हता, त्यामुळे नाक्यावर ती फुकट सुटायची असं सांगतात! पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलात असलेल्या पॉल गार्बर यांनी तोफांच्या सरावासाठी दोन दोऱ्यांचा पतंग बनवला. त्यावर शत्रूच्या विमानाची आकृती रंगवलेली असे. खालून दोरे ओढून तो विमानासारखा वळवायचा आणि बोटीवरच्या तोफखान्याने त्यावर नेम धरायचा. म्हणजे हा पतंगही लढाईतूनच आला म्हणायचा.

त्याचा खेळ झाला तो १९७२ नंतर. पीटर पॉवेल या इंग्रज गृहस्थांनी दोन दोऱ्यांचा चौकोनी पतंग विकायला काढला. त्याची शेपटी म्हणजे वाऱ्याने फुगणारी लांबलचक नळी. पतंग वळला की आभाळात वेलांट्या उमटायच्या. आज जो त्रिकोणी स्टंट काईट दिसतो त्याचं घराणं मात्र वेगळं आहे. फ्रान्सिस रोगॅलो हे अमेरिकेतले विमान-संशोधक. १९४८ साली त्यांनी आणि त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी लवचिक पंखाचा पतंग बनवला, तोही स्वयंपाकघरातल्या पडद्याच्या कापडाचा. हँग ग्लायडर त्यातूनच आला आणि १९८० च्या दशकात भरभराटीला आलेले त्रिकोणी स्टंट काईटही त्याच वाटेने आले.

आता प्रश्न होता, भाचीसाठी घ्यायचा कुठला? स्वस्तातले हातभर-दोन हात रुंदीचे मिळतात, पण लहान पतंग फार चपळ. विचार करेपर्यंत जमिनीवर आपटतो. स्पर्धेत उडवतात ते सव्वादोन-अडीच मीटरचे, कार्बनच्या बारीक काड्यांचे. कसरती सुंदर करतात, पण नवशिक्याने दोनदा नाकावर आपटला की काडी मोडलीच. अलिबागच्या बाजारात ती काडी कुठली मिळायला! म्हणून मधला घेतला. रुंदी पावणेदोन मीटर, रिपस्टॉप नायलॉनचं कापड, जाडसर फायबरग्लासच्या काड्या आणि कन्नी पुढेमागे सरकवता येईल असा. जोडीला काचबीच न लावलेले, पंचवीस मीटरचे दोन सारखे दोरे. ते सारखे आहेत ना, हे आधी एका खुंटीला अडकवून ताणून पाहावं. चार बोटांचा फरक असला तरी पतंग एकाच अंगाला वळत राहतो आणि आपण स्वतःला दोष देत बसतो.

वारा मात्र आमच्या किनाऱ्याने फुकट दिला. सकाळचा मतलई वारा सुरूच्या बनातून अडखळत येतो, तो कामाचा नाही. दुपारनंतरचा खारा वारा मोकळ्या समुद्रावरून एकसारखा येतो. समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं. पतंग सुरूंच्या दिशेला जाणार, म्हणून मधे भरपूर पुळण हवी. तेव्हा दुपार आणि ओहोटी जुळेल तो दिवस धरायचा. ओहोटी रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे थोडेच दिवस मिळतात.

पहिल्या दिवशी पतंग किती वेळा आपटला ते मोजलं नाही. ताई दुरून बघत होती. मग उठून आली आणि न बोलता दोऱ्यावरून बोट फिरवलं.

"हाही कापेल."

"ताणलेला असताना मधे कोणी आलं तर कापेल," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "पण हा कोणाला कापायला उडवत नाहीत. आणि सुटून रस्त्यावर जात नाही."

ती काही बोलली नाही. पतंगाच्या खाली जाऊन जरा बाजूला बसली आणि त्या वाटेने येणाऱ्या प्रत्येकाला हात करून लांबून जायला सांगू लागली. पुढचे तीन दिवस तिने हेच केलं.

चौथ्या दिवशी गंमत झाली. या पतंगाच्या खऱ्या कसरती दोरे ताणून होत नाहीत. त्याला कडेला नेऊन क्षणभर थांबवायचा, एका दोऱ्याला हिसका द्यायचा आणि लगेच दोन्ही हात पुढे करून दोरे सैल सोडायचे. मग तो सपाट होऊन जागच्या जागी गिरकी घेतो. भाचीचे हात पुढे जायला तयारच नव्हते. पडेल या भीतीने ती आणखी खेचायची. शेवटी ताईच लांबून ओरडली, "अगं, ढील दे!"

भाचीने हात पुढे केले आणि पतंग एक पूर्ण गिरकी घेऊन पुन्हा वर निघाला.

घरी परतताना ताई एवढंच म्हणाली, "आजोबा अशीच द्यायचे ढील."

फिरकी आता माळ्यावर नाही, ओटीवरच्या फडताळात आहे.

असो. उद्या ओहोटी साडेचारची आहे.