एक आमदार, दोन चिन्हं आणि आंबोलीचा सातबारा

आंबोलीत पडणारा पाऊस दोन वाटांनी जातो. घाटाच्या कड्यावरून कोसळणारं पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतं. गावातच उगम पावणारी हिरण्यकेशी मात्र पूर्वेला वळते, पुढे घटप्रभेला आणि मग कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागराला जाते. मतांना अशा दोन वाटा नाहीत. ती घाट उतरून सावंतवाडीलाच जातात.

सावंतवाडी विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक आज 270 आहे, म्हणजे राज्यात अठरा मतदारसंघ याच्या मागे. 2009 च्या आधी हाच मतदारसंघ राज्याच्या यादीत क्रमांक एकवर होता, कारण मोजणी दक्षिणेकडून सुरू व्हायची. नव्या पुनर्रचनेत मोजणी नंदुरबारच्या अक्कलकुव्यापासून सुरू झाली आणि सिंधुदुर्गाच्या चार जागांच्या तीन झाल्या: कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. वेंगुर्ला आणि मालवण ही नावं यादीतून गेली. सावंतवाडीत आता सावंतवाडी, वेंगुर्ला आणि दोडामार्ग असे तीन तालुके येतात. समुद्रावरचा मच्छीमार, दोडामार्गचा काजू बागायतदार आणि धुक्यात नाचणी लावणारा आंबोलीकर, सगळ्यांचा आमदार एकच.

2009 च्या त्या पहिल्या निवडणुकीत निवडून आले दीपक केसरकर. सावंतवाडीचे माजी नगराध्यक्ष, पक्ष राष्ट्रवादी, चिन्ह घड्याळ. तेव्हापासून 2014, 2019 आणि 2024 अशा सलग चार निवडणुका त्यांनी जिंकल्या आहेत. पण या चार विजयांची गंमत आकड्यांत कमी आणि चिन्हांत जास्त आहे.

2014 च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचे उमेदवार होते नीलेश राणे. केसरकर आघाडीचे आमदार, तरी त्यांनी राण्यांचा प्रचार करायला नकार दिला. नारायण राणे तेव्हा राज्यात मंत्री होते आणि जिल्ह्यावर त्यांची पकड होती, हे लक्षात घेतलं तर हा नकार किती मोठा होता ते कळतं. शिवसेनेचे विनायक राऊत सुमारे दीड लाख मतांनी जिंकले. पुढे केसरकरांनी आमदारकीचा राजीनामा दिला आणि ते शिवसेनेत गेले. ऑक्टोबरमध्ये ते धनुष्यबाणावर सुमारे 41 हजारांच्या फरकाने निवडून आले. त्याच दिवशी शेजारच्या कुडाळमध्ये खुद्द नारायण राणे शिवसेनेच्या वैभव नाईकांकडून हरले. केसरकर राज्यमंत्री झाले, जिल्ह्याचे पालकमंत्री झाले.

2014 साली त्यांच्यासमोर होते भाजपचे राजन तेली. 2019 ला युती झाली, जागा शिवसेनेकडे गेली, तेव्हा तेली अपक्ष उभे राहिले. फरक 13 हजारांवर आला. 2024 ला तेली पुन्हा समोर, या वेळी उद्धव ठाकरे यांच्या पक्षाची मशाल घेऊन. म्हणजे तीन निवडणुका, तेच दोन उमेदवार. केसरकरांची एकूण दोन चिन्हं झाली. तेलींनी या तीन निवडणुका तीन वेगळ्या चिन्हांवर लढवल्या. 2024 चा फरक पुन्हा चाळीस हजारांच्या आसपास गेला, पण तिसऱ्या क्रमांकाच्या बंडखोर अपक्षाने तीस हजारांहून जास्त मतं घेतली होती. नुसता फरक पाहिला तर एकतर्फी निकाल वाटतो. विरोधातली मतं एकत्र मोजली तर तसा वाटत नाही.

मधल्या काळात 2022 घडलं. महाविकास आघाडीच्या सरकारात मंत्रिपद न मिळालेले केसरकर एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले आणि गुवाहाटीहून त्या गटाची बाजू टीव्हीवर मांडणारा शांत आवाज म्हणून राज्यभर ओळखीचे झाले. ऑगस्टमध्ये ते कॅबिनेट मंत्री झाले. शालेय शिक्षण आणि मराठी भाषा ही खाती त्यांच्याकडे आली. 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा राज्याचे मराठी भाषा मंत्री तेच होते. त्याच वर्षी लोकसभेला महायुतीचे उमेदवार होते नारायण राणे आणि केसरकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. नोव्हेंबरात नीलेश राणे कुडाळमधून आमदार झाले, तेही केसरकरांच्याच पक्षातून, त्याच धनुष्यबाणावर. दहा वर्षांपूर्वीचं भांडण एका पक्षाच्या दोन शेजारी आमदारांत येऊन संपलं. डिसेंबरच्या नव्या मंत्रिमंडळात मात्र केसरकरांचं नाव नव्हतं.

मुंबई-पुण्यात बसून हे वाचलं की आपण पटकन म्हणतो, इथे निष्ठेला काही किंमतच नाही. मला ते अर्धवट वाटतं. इथला मतदार पक्षाकडे घरासारखं बघत नाही, गाडीसारखं बघतो. माणूस ओळखीचा आहे ना, फोन उचलतो ना, दवाखान्यासाठी आणि दाखल्यासाठी धावतो ना? मग तो कुठल्या गाडीतून आला हे दुय्यम. म्हणून ‘दीपकभाई’ हे नाव घड्याळावरही चाललं आणि धनुष्यबाणावरही.

पण या हिशेबालाही एक मर्यादा आहे, आणि ती आंबोलीत दिसते.

आंबोली, चौकुळ आणि गेळे या तीन गावांचा एक जुना प्रश्न आहे: कबुलायतदार गावकरांच्या जमिनी. सावंतवाडी संस्थानाच्या काळात या गावांतल्या गावकरांनी दरबाराला कबुलायत लिहून दिली होती, म्हणजे गावाचा सारा आम्ही सगळे मिळून भरू. त्या बदल्यात जमीन गावाने सामाईक कसायची. कुणाचा वेगळा तुकडा, वेगळा नकाशा असं नव्हतं. जमीन कुणाची असं विचारलं तर उत्तर एकवचनी नव्हतं, ते ‘आमची’ असं होतं.

1948 साली संस्थान विलीन झालं. शेवटचे राजे शिवरामराजे भोसले पुढे काँग्रेसकडून आमदार झाले. ज्या घराण्याला गावकरांनी कबुलायत लिहून दिली, त्याच घराण्याचा वारस आता त्यांच्याकडे मत मागत होता. नंतर समाजवादी जयानंद मठकरही इथले आमदार झाले. राजा गेला, राजाचा आमदार झाला, समाजवादी आला; जमिनीची सामाईक वहिवाट चालूच राहिली.

मग 1999 साली सातबाऱ्यावर ‘कबुलायतदार गावकर’ या नोंदीच्या जागी ‘महाराष्ट्र शासन’ आलं. 1999 हे साल जिल्ह्याला आठवतं ते नारायण राणे मुख्यमंत्री झाले म्हणून. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडायचं कारण नाही. पण जिल्ह्याचा माणूस सर्वोच्च खुर्चीवर बसला त्याच वर्षी जिल्ह्यातली तीन गावं कागदावर आपल्याच जमिनीत उपरी झाली, एवढं मात्र खरं.

डेटाबेसमध्ये ‘मालक’ या रकान्यातलं एक मूल्य बदलावं, तेवढीच ही घटना. घरं तिथेच राहिली, नाचणी तिथेच राहिली, देवराई तिथेच राहिली. पण सातबारा नावावर नसेल तर त्यावर कर्ज मिळत नाही, शेतीच्या योजना अडतात, मुलाला हक्काचा वाटा लिहून देता येत नाही. पर्यटन वाढलं, धबधब्याखाली गाड्यांच्या रांगा लागल्या, तरी स्वतःच्या परसात चार खोल्या बांधायच्या म्हटलं की प्रश्न पुन्हा तिथेच येतो.

तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत हा विषय आहे. केसरकरांच्या प्रचारात होता, विरोधकांच्याही होता. बैठका झाल्या, आश्वासनं झाली, जमीनवाटपाच्या हालचालीही झाल्या. मग तो इतका चिवट का? आमदार झोपलाय म्हणून, असं म्हणणं सोपं आहे. खरी गाठ तिहेरी आहे. पहिली, जमीन एकदा शासनाची झाली की ती परत देण्याचा निर्णय तालुक्यात होत नाही, मंत्रालयात होतो. दुसरी, जिथे वनाची नोंद आहे तिथे 1980 चा वन कायदा आडवा येतो आणि चेंडू दिल्लीत जातो. तिसरी गाठ सगळ्यात अवघड, ती गावातच आहे: सामाईक जमीन वाटायची तर कुणाकुणाला? मूळ गावकरांच्या घरांना, की पिढ्यानपिढ्या तिथे राहणाऱ्या सगळ्यांना? ‘आमची’ या शब्दाचे ‘माझी’, ‘तुझी’ असे तुकडे करणारा निर्णय कुठल्याही आमदाराला नकोसाच असतो, कारण प्रत्येक तुकड्यामागे कुणीतरी नाराज होतो आणि नाराज माणसालाही मत असतं.

म्हणून इथल्या आमदारकीचे दोन इतिहास लिहावे लागतात. पहिल्यात राजीनामे आहेत, बंडं आहेत, गुवाहाटी आहे, मंत्रिपदं आहेत; तो वेगवान आहे आणि बातम्यांत तोच दिसतो. दुसऱ्यात एकच नोंद आहे, 1999 ची, आणि ती पुसायला इतकी वर्षं लागली आहेत की तेव्हा जन्मलेली मुलं आता मतदार आहेत. पहिल्या इतिहासात पक्ष आठवड्याभरात बदलता येतो. दुसऱ्यात तलाठ्याच्या दप्तरातली एक ओळ बदलायला महसूल खातं, वन खातं, मंत्रिमंडळ आणि गावची ग्रामसभा एकाच वेळी एका बाजूला लागते.

ज्याला सलग चार वेळा निवडून दिलं, त्याच्याकडून दुसऱ्या इतिहासाची अपेक्षा करणं चुकीचं नाही. त्याच्याविरुद्ध उभं राहणाऱ्याकडूनही करावी. पुढच्या निवडणुकीत गाड्या घाट चढून येतील तेव्हा कुठलं चिन्ह, कुठला पक्ष, हे विचारून झाल्यावर आंबोलीच्या तरुण मतदाराने आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: किती सातबारे झाले, कुणाच्या नावावर झाले, आणि उरलेले कुठल्या टेबलावर अडले आहेत?