एकोणऐंशी रविवार

रोहणा हे वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील गाव. पुलगावहून आर्वीला जाणारी अरुंदमापी आगगाडी १९१७ साली सुरू झाली, ती या गावावरून जात असे. कापसाच्या या मुलखात त्या दिवशी भविष्यकाळच रुळांवरून धावत आला असे लोकांना वाटले असेल. ती गाडी बंद पडूनही आता बरीच वर्षे लोटली. भविष्यकाळही जुना होतो, ही गोष्ट रोहण्यात कोणाला निराळी सांगावी लागत नाही.

आमच्यापैकी एकाचे घर या गावात आहे. त्या घराच्या बैठकीत आम्ही तिघा मराठीच्या अध्यापकांनी 'स्टार ट्रेक' ही मूळ अमेरिकन मालिका दर रविवारी एक भाग याप्रमाणे पाहिली. भाग एकूण ७९. परीक्षा, पेरणी आणि लग्नसराई यांमुळे मध्ये खंड पडत गेले आणि दीड वर्षाचे काम दोन वर्षांवर गेले. नियम दोनच ठेवले होते. एका बैठकीत एकापेक्षा अधिक भाग पाहायचा नाही आणि कंटाळवाणा म्हणून एकही भाग गाळायचा नाही. हळूहळू काही विद्यार्थी येऊ लागले, शेजारची मंडळी दारात टेकू लागली. मराठीच्या अध्यापकांनी हा उद्योग कशासाठी करावा, असा प्रश्न प्रथम त्यांनीच विचारला. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले थोडे उशिराचे उत्तर आहे.

विज्ञानसाहित्य शिकवताना आपण एक ठरीव वंशावळ फळ्यावर मांडतो: व्हर्न, वेल्स, मग भा. रा. भागवतांची रूपांतरे, मग जयंत नारळीकर. ही वंशावळ चुकीची नाही. मात्र ती छापील पानाबाहेर पाऊल टाकत नाही. १९८० नंतरच्या दशकात ज्या पिढीच्या मनात अंतराळयान प्रथम शिरले, त्या पिढीतील कितीतरी जणांच्या मनात ते पडद्यावरून शिरले. दिल्लीत १९५९ साली आणि मुंबईत १९७२ साली सुरू झालेले दूरदर्शन खेड्यांपर्यंत पोचायला फार वेळ लागला. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यात सहा राज्यांतील सुमारे २४०० गावे होती, पण महाराष्ट्र नव्हता. १९८२ साली चित्र रंगीत झाले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत प्रक्षेपण केंद्रांचे जाळे झपाट्याने पसरले. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा अंतराळात गेले, ७ जुलै रोजी 'हम लोग' सुरू झाली. त्याच सुमारास रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' दिसू लागली, तीही इंग्रजीतून. पुढे 'स्पेस सिटी सिग्मा' आणि 'इंद्रधनुष' या देशी मालिका आल्या. आमची स्वतःची स्मृती सुरू होते ती 'रामायण'पासून. 'स्टार ट्रेक' आम्हांला थोरल्यांच्या तोंडून ऐकीव होती.

मूळ मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. मराठी विज्ञान परिषदेची स्थापनाही १९६६ चीच. या योगायोगाला कार्यकारणाचा रंग देण्याचे कारण नाही. पण विज्ञान सर्वसामान्यांच्या भाषेत बोलले पाहिजे ही निकड त्या काळी अनेक ठिकाणी एकदम जाणवत होती, एवढे त्यावरून दिसते. पुढे १९७४ साली परिषदेच्याच कथास्पर्धेत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' असे टोपणनाव घेऊन कथा पाठवली आणि मराठी विज्ञानकथेला नवे वळण मिळाले.

त्याहून जुना धागा 'क्रमशः' या शब्दाचा आहे. मराठीतील विज्ञानकथेचा आरंभ सांगताना आपण ज्या 'केरळकोकिळ' मासिकातील व्हर्नच्या चंद्रयात्रेच्या रूपांतराचा दाखला देतो, ते वाचकांच्या हाती हप्त्याहप्त्याने पडले होते. चंद्राकडे निघालेला मराठी वाचक महिनाभर वाटेतच थांबत असे. त्या थांबण्यात तो काय करीत असेल? अंदाज बांधीत असेल, कोणाशी वाद घालीत असेल, मागचे विसरून पुन्हा आठवीत असेल. पुस्तकरूपात ही मधली जागा उरत नाही. मालिका एका दमात पाहतानाही ती उरत नाही. आम्हांला ती जागा परत हवी होती.

पहिला धडा मिळाला तो क्रमाचा. या मालिकेचा पहिला नमुना-भाग वाहिनीने 'फार बौद्धिक' म्हणून नाकारला. दुसरा स्वीकारला, पण प्रक्षेपणात तो तिसऱ्या क्रमांकावर दाखवला. त्यामुळे पहिल्या दोन भागांत ओळखीचा झालेला डॉक्टर मॅकॉय तिसऱ्या भागात नाहीसा होतो, गणवेश बदलतात आणि चौथ्या भागात सारे पूर्ववत होते. विद्यार्थी गोंधळले. आम्हांला मात्र येथून फार दूर नसलेल्या ऋद्धिपूरची आठवण झाली. म्हाइंभटाने माणसे गाठून गाठून जमवलेल्या लीळा, मूळ पोथी हरवल्यावर स्मरणातून झालेली त्यांची पुनर्रचना आणि त्यातून आलेले पाठभेद व क्रमभेद हे आपण वर्गात शिकवतोच. निर्मितीचा क्रम एक, लोकांसमोर येण्याचा क्रम दुसरा. संहिता कोणती मानावी? 'लीळाचरित्रा'च्या तासाला जांभया देणारा एक विद्यार्थी त्या रविवारी तासभर वाद घालत बसला.

दुसरा धडा अडचणींचा. यानातील माणसे एका जागी विरघळून दुसऱ्या जागी प्रकट होतात, ही या मालिकेची सर्वांत प्रसिद्ध कल्पना. दर आठवड्याला एवढे मोठे यान नव्या ग्रहावर उतरताना दाखवणे खर्चाला परवडणारे नव्हते, त्यातून ती निघाली. मासिकाच्या पानांची मर्यादा जशी कथेला आकार देते, तशीच ही गोष्ट.

तिसरा धडा लेखकाचा. जीन कून या लेखकाच्या 'द डेव्हिल इन द डार्क' (१९६७) या भागात एका ग्रहावरील खाणीत कोणी अज्ञात प्राणी कामगारांना मारतो आहे. त्याला ठार करायला सारे निघतात. शेवटी कळते की ती एक आई आहे आणि खाणकामगारांनी निरुपयोगी दगड म्हणून फोडलेले हजारो गोळे ही तिची अंडी होती. तिच्या जखमेवर डॉक्टर बांधकामाचा लेप लावतो, कारण तिचा देहच दगडासारखा आहे. सर्व मालिकेत आम्हांला हा भाग सर्वांत श्रेष्ठ वाटला. याच कूनने पुढच्या वर्षी 'ली क्रोनिन' या टोपणनावाने 'स्पॉक्स ब्रेन' लिहिला. त्यात पोरबुद्धीच्या म्हणून रंगवलेल्या स्त्रिया स्पॉकचा मेंदूच चोरून नेतात. हा भाग मालिकेतील सर्वांत टाकाऊ भागांत सर्रास गणला जातो आणि तो निर्णय आम्हांला मान्य आहे. निवडक भाग पाहणाऱ्याला एकच कून भेटला असता. 'अभिजात' ही पदवी आपण एखाद्या कृतीला देतो तेव्हा तिच्यातील असे चढउतार पुसून टाकतो; ओळीने पाहणाऱ्याला ते पुसता येत नाहीत.

येथे आमच्या मुख्य म्हणण्याकडे येतो. विज्ञानसाहित्याची परीक्षा आपण बहुधा भाकिताच्या कसोटीवर करतो: लेखकाने सांगितलेले खरे ठरले काय? या कसोटीवर 'स्पेस सीड' (१९६७) हा भाग साफ नापास होतो. त्यानुसार १९९० नंतरच्या दशकात निवडक पैदाशीतून घडवलेल्या अतिमानवांची युद्धे जगभर पेटायची होती. त्यांचा नायक खान नूनियन सिंग हा बहुधा उत्तर भारतातील शीख असावा असे त्यात म्हटले आहे आणि त्याचे काम मेक्सिकोत जन्मलेल्या नटाने केले आहे. ते दशक आले आणि गेले. तसे काही घडले नाही. तरीही भाग संपल्यावर खोलीत शांतता होती. उत्तम माणूस घडवता आला, तर त्याने इतरांवर राज्य करावे काय, हा प्रश्न खोटा ठरला नव्हता.

'अ टेस्ट ऑफ आर्मगेडन' या भागातही तसेच. दोन ग्रह पाचशे वर्षे युद्ध करीत आहेत, पण केवळ संगणकावर. बॉम्ब पडत नाहीत, घरे मोडत नाहीत. यंत्र ज्यांची नावे मृत म्हणून जाहीर करते ते नागरिक शिस्तीने जाऊन मरणाच्या खोलीत शिरतात. व्हिएतनामची लढाई चालू असताना हे दाखवले गेले. यंत्राची सोय माणसाला क्रौर्याची सवय लावते काय? ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे, त्या जिल्ह्यात हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. 'हिंद स्वराज्य'मध्ये १९०९ सालीच यंत्रसंस्कृतीचा खटला उभा राहिला होता. एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, हे तर आपल्याच निबंधाचं पुस्तक झालं." तिचे बोलणे पूर्ण खरे नव्हते, या मालिकेला यंत्राचे प्रेम आहे आणि तिचा कप्तान कर्क प्रत्येक कोडे अमेरिकन आत्मविश्वासाने सोडवतो. दूरच्या ग्रहांवरचे लोकही अस्खलित इंग्रजी बोलतात, हेही आम्ही हसून आणि थोडे चिडून टिपून ठेवले.

प्रेक्षकांच्या पत्रांच्या मोहिमेनंतर मालिकेला तिसरे पर्व मिळाले. पण पैसा कमी झाला, वेळ शुक्रवारी रात्री दहाची मिळाली आणि ३ जून १९६९ रोजी शेवटचा भाग दाखवला गेला. त्यानंतर ४७ दिवसांनी माणूस चंद्रावर उतरला. तिची खरी कीर्ती पुढे पुनःप्रक्षेपणातून वाढली, म्हणजे ती लोकप्रिय झाली तेव्हा जुनी झालेली होती.

शेवटी एका श्रोत्याविषयी. गावातील एक काका तरुणपणी नोकरीसाठी नागपूरला राहत. तेथे शेजाऱ्याकडे त्यांनी ही मालिका पाहिलेली. इंग्रजी फारसे कळत नसे. त्यांच्या ध्यानात एकच भाग राहिला होता: अंधारी खाण, दगडासारखा राक्षस, मरणारी माणसे, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. "राक्षस होता, मारला असेल पुढं," असे ते आम्हांला अगोदर सांगून बसले होते. तो रविवार आला तेव्हा आम्ही प्रत्येक संवाद थांबवून मराठीत सांगत गेलो. अंड्यांचा उलगडा झाला तेव्हा काका काही बोलले नाहीत. चहा निवत राहिला. मग म्हणाले, "एवढी वर्षं मी तिला राक्षसच समजत होतो."

साहित्याच्या इतिहासात या काकांना जागा नाही. ते लेखक नव्हेत, समीक्षक नव्हेत, मासिकाचे वर्गणीदारही नव्हेत. पण अर्धी राहिलेली एक कथा चाळीस वर्षे मनात बाळगणारा हा माणूस वाचक नव्हे तर कोण? विज्ञानसाहित्याचा मराठी इतिहास पुन्हा लिहिला जाईल तेव्हा कोणी काय लिहिले याच्या जोडीला कोणापर्यंत काय, किती आणि कुठे तुटून पोचले, याचाही शोध घ्यावा लागेल. आम्ही यंदाच्या वर्गात त्याची सुरुवात केली आहे. आपापल्या गावातील थोरांना विचारून त्यांनी अर्धवट पाहिलेली वा ऐकलेली एक गोष्ट लिहून आणा, असा स्वाध्याय विद्यार्थ्यांना दिला आहे. वह्या येऊ लागल्या आहेत.